मापयंत्रात राहिलेली पावडर

आर्ने ट्वेटच्या गॅरेजमध्ये, काडतुसं भरायच्या टेबलाच्या कडेला बंदुकीची पावडर मोजायचं यंत्र घट्ट बसवलेलं होतं आणि त्याच्या उभ्या प्लास्टिकच्या नळीत चार बोटं पावडर उरली होती. मार्चपासून ती तशीच होती. आता सप्टेंबर संपत आला होता.

दुसऱ्या कुणाच्या गॅरेजात हे कुणाच्या नजरेतही आलं नसतं. पण हे आर्नेचं गॅरेज. काम झालं की नळीतली पावडर तिच्या डब्यात परत, डबा कपाटात, कपाटाला कुलूप, मग हात धुवायचे आणि मगच जेवायचं. टेबलावर एका वेळी एकच डबा. आणि ज्या पावडरचं नाव डोळ्यांसमोर लिहिलेलं नाही ती पावडरच नव्हे, ते गवताचं खत. हे नियम त्याने हॉल्स्टॅड गावातल्या निम्म्या शिकाऱ्यांना शिकवले होते आणि मुलीला तर अक्षरओळख व्हायच्या आधी. मार्ना पुढे फार्मसिस्ट झाली, तिच्या हातून लेबल नसलेली बाटली कधी औषधाच्या खिडकीबाहेर गेली नाही, ते या गॅरेजामुळेच असं ती स्वतः म्हणत असे.

आणि आता त्याच टेबलावर नुसती पावडर होती. डबा नाही, चिठ्ठी नाही.

मार्ना दर शनिवारी घरी येई, खिडक्या उघडे, टेबलावरची धूळ पुसे. मापयंत्राभोवतीची धूळसुद्धा पुसे. नळीला मात्र हात लावत नसे.

"अजून रिकामी नाही केलीस ना?" गुरुवारी सकाळी कॅफेत व्हर्नाने विचारलं.

व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली होती. अख्ख्या गावाला तिने पळीने वाढलेलं होतं, त्यामुळे कुणाशीही बोलताना तिचा सूर 'संपव ते आधी' असाच असायचा.

"नाही," मार्ना म्हणाली.

"पोरी, सहा महिने झाले."

"मोजते आहे मी."

"पावडर पडून राहिली की प्लास्टिक खाते," रूडी म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा. देह अवाढव्य, आवाज मऊ. "नळी पिवळी पडेल."

"पडलीच आहे."

"मग आता कशाची वाट बघतेस? येत्या रविवारी सगळे नेमबाजीच्या मैदानावर रायफली तपासायला येणार. शिकारीचा सीझन महिन्यावर आलाय. तुझं एक काडतूस भरून तयार नाही." हे बोलला डेल्मर. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं ओलावा तपासण्यात गेल्यामुळे त्याला कुठल्याही गोष्टीत काहीतरी जास्तच आहे असं वाटे.

तिघंही आर्नेचे कॅम्पसोबती. नदीकाठच्या उतारांवर दर ऑक्टोबरला त्यांचा तंबू पडायचा आणि त्या कॅम्पचा एकच कायदा होता: आपलं काडतूस आपण भरायचं. विकतचं चालत नाही, दुसऱ्याने भरलेलं त्याहून चालत नाही. तीस वर्षं मार्नाला तेवढी सूट होती, कारण तिची काडतुसं आर्ने भरायचा आणि आर्नेला कायदा सांगणार कोण? व्हर्ना तिला 'बापाच्या पंक्तीतली' म्हणून चिडवायची. आता पंक्त मोडली होती.

तसं पाहिलं तर गोष्ट साधी होती. कपाटात पावडरचे तीन डबे होते. त्यातला एक निवडायचा, पुस्तक उघडायचं, भरायला लागायचं. पण निवड आर्नेने केली होती आणि तेच तर दुखणं होतं. मार्नाची रायफल मुळात तिच्या आईची. पंचवीस कॅलिबरची, जुनी आणि अतिशय मिजासखोर. तिला ब्याऐंशी नंबरची पावडर मानवायची, दुसरी कुठलीच नाही. कंपनीने ब्याऐंशी बनवणं थांबवलं तेव्हापासून आर्ने दोन वर्षं नव्या पावडरच्या शोधात होता. सगळ्या रायफलच्या पावडरी दिसायला सारख्याच: पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तशा काळपट काड्या. फरक असतो तो पेटण्याच्या चालीत. एखादी भसकन पेटते, एखादी रेंगाळते. एखादी जुलैत गुणी असते आणि शून्याखाली वीस अंशांवर तिला कापरं भरतं, मग गोळी वीतभर खाली जाते. आर्नेला हवी होती एकसारख्या चालीची, थंडीत न रुसणारी.

मार्चमधल्या त्या गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला होता. "ठरलं," तो म्हणाला होता. "आता कितीही थंडी पडू दे. रविवारी ये. या वेळी भरायचं तू, मी नुसता बघणार." मार्नासमोर तेव्हा औषधाच्या खिडकीशी माणसं उभी होती. ती म्हणाली, बरं, येते. कुठली पावडर ते तिने विचारलं नाही. रविवारी कळणारच होतं.

त्याच रात्री तो झोपेत गेला.

बाकी सगळं त्याने सांगून ठेवलं होतं. विम्याचे कागद कुठे, ट्रकचं तेल कधी बदलायचं, तळघरातला पंप कुठल्या बाजूने ठोकला की चालू होतो. एवढं एकच सांगायचं राहिलं होतं. वहीत शेवटची तीन पानं तीन पावडरींची, आकड्यांनी भरलेली. चौथं पान कोरं. त्याची सवयच तशी, टेबल आवरून झाल्याशिवाय वहीत शब्द नाही. मार्नाला त्या तिघींपैकी त्याची पावडर कुठली ते हवं होतं. स्वतः एखादी निवडली असती तर चाललं असतं, पण मग त्याची कुठली होती ते कधीच कळलं नसतं.

"सत्तेचाळीस असणार," डेल्मर म्हणाला. "डबा मी दिला होता त्याला. म्हणाला, डेल्मर, चीज आहे."

"चीज आहे असं तो तुझ्या सुनेच्या ॲपल पायलाही म्हणाला होता," व्हर्ना म्हणाली. "बासष्ट आहे ती. माझी. हरीण पडलं की त्याला कळत नाही आपण कशाने पडलो."

"तुमची दोघांची भांडणं झाली की मला सांगा," रूडी म्हणाला. "त्याने माझी एकाहत्तर घेतली तेव्हा दोनदा वास घेतला होता. दोनदा."

"वासावरून पावडर निवडतात होय? केक आहे का तो?"

कॉफीचं बिल कुणी द्यायचं त्यासाठी कपात फासे खुळखुळत होते. डेल्मर हरला आणि म्हणून जास्तच चिडला. "नळीत बघूनच सांगतो मी. काडीची लांबी ओळखतो."

"मीही," व्हर्ना म्हणाली.

चार वाजता तिघंही गॅरेजमध्ये हजर होते. व्हर्नाने भिंग आणलं होतं. डेल्मरने नळीच्या मागे पांढरा कागद धरला. तिघांनी आळीपाळीने पाहिलं, चष्मे चढवून पाहिलं, चष्मे काढून पाहिलं. प्रत्येकाला आपलीच पावडर दिसली.

"एक काडतूस भरून उडवून बघू," डेल्मर म्हणाला. "वेग मोजला की कळेल."

अनोळखी पावडर भरली तर रायफल हातातच फुटायची. बोलल्याबरोबर त्याचं त्यालाही कळलं. "म्हणजे, मी म्हणालो नाही असं समजा," तो म्हणाला आणि कपाटावरच्या आर्नेच्या टोपीकडे बघायचं त्याने टाळलं.

मार्ना मात्र कपाटाशी गेली. तिला अचानक एक गोष्ट सुचली होती आणि ती सहा महिने का सुचली नाही याचं तिला आश्चर्य वाटत होतं. प्रत्येक डब्यावर आर्नेने पांढरी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर डबा उघडल्याची तारीख आणि वजन. प्रत्येक वेळी काम झालं की आधीचं वजन खोडून नवं. डबा परत कपाटात जाताना काट्यावरून गेल्याशिवाय जात नसे.

"नळीतली पावडर ज्या डब्यातली असेल," ती म्हणाली, "तो डबा पट्टीवर लिहिल्यापेक्षा हलका भरेल. कारण ती परत गेलेली नाही."

रूडीने तिच्याकडे पाहिलं. "हे एवढं सोपं होतं?"

"बापाची मुलगी आहे," व्हर्ना म्हणाली. "ठेव काट्यावर. बासष्ट आधी."

बासष्टचा डबा काट्यावर गेला. काटा पट्टीवरच्या आकड्यावर येऊन थांबला. केसभरही इकडे तिकडे नाही.

"हं," व्हर्ना म्हणाली.

डेल्मरने हसू आवरलं. सत्तेचाळीसचा डबा ठेवला. तोही तंतोतंत. मग रूडी दोन पावलं पुढे आला, धिप्पाड माणसं चर्चमध्ये जपून येतात तसा, आणि एकाहत्तरचा डबा त्याने स्वतःच्या हाताने ठेवला. तंतोतंत.

तीन डबे, तीन बरोबर वजनं आणि नळीत चार बोटं पावडर.

"म्हणजे तिघीही नाहीत," मार्ना म्हणाली.

"काटा चुकतोय," डेल्मर म्हणाला.

"आर्नेचा काटा?"

"बरं, नाही चुकत."

"चौथी कुठली तरी आहे," रूडी हळूच म्हणाला. "आणि आपल्याला सांगितलं नाही त्याने."

मार्नाने कपाट पुन्हा तपासलं. टेबलाखालचे खण, ट्रकची सीट, पेरणीच्या बियांचा पेटारा. चौथा डबा नव्हता. डेल्मर मात्र जागेवरून हलला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवल्याचं होतं, आणि ते त्याला आवडलेलं नव्हतं.

"त्या दिवशी मी आलो होतो," तो म्हणाला. "गुरुवारी. त्याचा जॅक परत करायला. दार न वाजवता, नेहमीसारखा. गॅरेजात दिवा होता, पण हा आत नाही. हाक मारली तर स्वयंपाकघरातून हात पुसत आला. म्हटलं, काय भरतोयस? तर म्हणाला, काही नाही, चल कॉफी घे. पडवीत बसवलं मला. मार्चमध्ये. कॉफी कपात गोठत होती."

"आणि तू उठला नाहीस," व्हर्ना म्हणाली.

"मला वाटलं, रूडीची एकाहत्तर निवडलीय आणि मला सांगायला लाजतोय. म्हटलं, आता वदवूनच उठायचं. साडेसातपर्यंत बसलो. शेवटी त्याला जांभया यायला लागल्या." डेल्मरने टोपी काढली, आतून पाहिली, पुन्हा घातली. "मी वेळेवर गेलो असतो तर नळी रिकामी केली असती त्याने."

"त्या संध्याकाळी कुणीतरी त्याच्याजवळ बसलं होतं," मार्ना म्हणाली. "ते मला माहीत नव्हतं. बरं झालं बसलात." मग तिने विचारलं, "स्वयंपाकघरातून आले म्हणालात?"

"हात पुसत."

सगळे स्वयंपाकघरात गेले. पिठाचा डबा, पावाची पेटी, ओव्हन. मार्ना मधोमध उभी राहिली. घाईघाईत, दारात डेल्मरची हाक, हातात डबा. जिथे दुसरं कुणी वर्षभर हात घालणार नाही अशी जागा कुठली? तिने खालचं कपाट उघडलं आणि मागून लुटफिस्कचं पातेलं ओढून काढलं. तो लिबलिबीत मासा आर्ने नाताळात शिजवायचा आणि एकटाच खायचा. बाकीचं वर्षभर त्या पातेल्याला शिवायला कुणी तयार नसे. झाकण उघडताना रूडी मागे सरकलासुद्धा.

आत चौथा डबा होता. कारखान्याचं लेबल शाबूत: एकोणसाठ. बाजूला पांढरी पट्टी, तारीख आणि वजन. पण अक्षर आर्नेचं नव्हतं. खाली दोन अक्षरं, डब्ल्यू. के.

"क्वाम," व्हर्ना म्हणाली.

"वेंडेल क्वाम?" रूडी म्हणाला. "माझ्यासारख्या मित्राला सोडून?"

वेंडेल क्वाम एकोणीस वर्षांपूर्वी त्याच कॅम्पचा सहावा माणूस होता. एकदा क्लबच्या मैदानावर त्याने भरायचं छोटं टेबल मांडलं आणि बोलण्याच्या नादात दोन पावडरींचे दोन डबे एकाच वेळी उघडे ठेवले. आर्ने त्या दिवशी मैदानाचा मुख्य होता. चाळीस माणसांसमोर तो म्हणाला की, ज्याच्या टेबलावर दोन डबे उघडे आहेत त्याच्या शेजारी मी उभा राहणार नाही आणि कुणाला राहू देणार नाही. वेंडेलने निमूटपणे डबे बंद केले, सामान ट्रकमध्ये टाकलं आणि पुन्हा कधी मैदानावर पाय ठेवला नाही. आर्नेचं बरोबर होतं. हे इतरांनी एकोणीस वर्षांत शंभर वेळा म्हटलं असेल. आर्ने मात्र ते कधीच म्हणत नसे.

मार्नाने डबा गॅरेजमध्ये नेऊन काट्यावर ठेवला. पट्टीपेक्षा बराच हलका. मग तिने मापयंत्राखाली वाटी धरली, नळी पहिल्यांदाच रिकामी केली आणि वाटीतलं वजन पाहिलं. कमी होतं तेवढं सगळं वाटीत होतं असं नाही. दहाएक काडतुसांइतकी पावडर खर्च झालेली होती.

"उडवून बघितली त्याने," डेल्मर म्हणाला. "चोरून. आणि जमली." मग त्याने वाटीकडे बोट केलं. "चला, कळलं. एकोणसाठच आहे. वापर ही."

"ओतताना मी पाहिलेलं नाही," मार्ना म्हणाली. तिने वाटीतली पावडर एका कागदी पाकिटात ओतली आणि सवयीने त्यावर लिहिलं: अनोळखी. वापरू नये.

डेल्मरने कपाटावरच्या आर्नेच्या टोपीकडे पाहिलं. या वेळी पाहायला त्याला काही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी ती वेंडेलकडे गेली. तो कालव्याच्या कडेला राहायचा, भोपळे लावायचा. अंगणभर भोपळे रांगेने मांडलेले होते आणि एक म्हातारा कुत्रा त्यांच्यावर देखरेख करत होता. वेंडेल उंच, वाकलेला, फाटकापाशी येऊन थांबला.

"तू आर्नेची ना?" तो म्हणाला. "त्याच्या अंत्यप्रार्थनेला आलो होतो मी. मागे बसलो होतो."

"पाहिलं होतं मी तुम्हाला." मार्नाने डबा पुढे केला. "हा तुमचा."

वेंडेलने तो घेतला नाही. "फेब्रुवारीत आला होता," तो म्हणाला. "इथेच उभा राहिला, तू उभी आहेस तिथे. ट्रक चालूच ठेवला होता, म्हणजे गरज पडली तर पळता येईल. पाच मिनिटं गसशी बोलला."

"गस?"

"हा." कुत्र्याने नाव ऐकून एक कान हलवला. "माझ्याशी अक्षर नाही. गसला म्हणाला, थंडी फार आहे. गसला म्हणाला, तुझे दात गेले वाटतं. मग त्यालाच विचारलं, तुझ्या मालकाकडे पंचवीसची रायफल आहे, तिला थंडीत कुठली पावडर चालते?"

"मग?"

"मग मी गसला सांगितलं. एकोणसाठ. गसला म्हटलं, हा डबा ने म्हणावं, मला वर्षभर पुरेल एवढी आहे. तर त्याने डबा काखेत मारला आणि गसचे आभार मानले."

मार्ना हसली. तिला स्वतःचं हसू अनोळखी वाटलं, पण तिने ते थांबवलं नाही.

"जाता जाता म्हणाला," वेंडेल पुढे म्हणाला, "म्हणजे गसलाच, की पोरीची रायफल आहे म्हणून, नाहीतर आलो नसतो."

मार्नाने भोपळ्यांकडे पाहिलं. त्यातला एक उचलला, वजन पाहिलं, परत ठेवला, दुसरा उचलला. वेंडेलने तिला हवा तेवढा वेळ दिला.

"तुम्हाला एक सांगायचंय," ती अखेर म्हणाली. "त्या दिवशी ते ही पावडर मोजत होते आणि डेल्मर आला. तुमचा डबा दिसू नये म्हणून त्यांनी तो लपवला. नळीत पावडर तशीच राहिली. भरलेली नळी, टेबलावर डबा नाही. सहा महिने."

वेंडेलला समजायला क्षणभर लागला. "आर्नेच्या टेबलावर?"

"हो."

"भरलेली नळी. आणि डबा नाही."

"डबा लुटफिस्कच्या पातेल्यात."

वेंडेलने फाटकाचा खांब धरला. आधी खांदे हलले, मग पाठ, मग तो मोठ्याने हसायला लागला. थांबेना. कुत्रा उठून बसला. वेंडेलने डोळे पुसले, "लुटफिस्कच्या," म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला. मार्नालाही आवरेना. एकोणीस वर्षांपूर्वीचे दोन उघडे डबे त्या हसण्यात कुठे गेले ते दोघांनाही कळलं नाही.

"उद्या मैदानावर या," ती म्हणाली.

"मला तिथून काढलंय."

"मी बोलावते आहे. आणि मला भरायला शिकवायला कुणी उरलं नाही. बघणारं तरी कुणी हवं."

"तू शिकलेली आहेस," वेंडेल म्हणाला. "पाच वर्षांची होतीस तेव्हा मला ओरडली होतीस, हात न धुता सँडविच खाल्लं म्हणून."

दुपारी तिने भरायला घेतलं. टेबलावर एकच डबा. पुस्तकात एकोणसाठचं पान उघडलं आणि सगळ्यात कमी मापापासून सुरुवात केली. पुंगळीत पावडर ओतली की ती सळसळत मानेपर्यंत येऊन थांबायची, ना उतू जाणार, ना पोकळी राहणार. तीन काडतुसं एका मापाची, तीन थोड्या जास्त मापाची, तीन त्याहूनही थोड्या जास्त. प्रत्येक माप आधी काट्यावर. वेंडेल खिडकीपाशी स्टुलावर बसून नुसता बघत होता. शेवटचं काडतूस झाल्यावर तिने नळी डब्यात रिकामी केली, डबा तोलला, पट्टीवरचा वेंडेलच्या हातचा आकडा खोडला आणि खाली स्वतःचा लिहिला. मग दोघांनी हात धुतले आणि भोपळ्याचं सूप प्यायलं.

रविवारी मैदानावर वारा नव्हता. वेंडेल ट्रकमधून उतरला तेव्हा बाकांवरची बोलणी थोडी कमी झाली. त्याने एकोणसाठचा एकच डबा दोन्ही हातांत, लेबल पुढे करून, देवळात काही वाहायला न्यावं तसा आणला होता. कुणाला दिसायचा राहू नये म्हणून.

"ठेव आता तो खाली," व्हर्ना म्हणाली. "सगळ्यांनी पाहिला. जाड झालास."

"तू नाही झालीस," वेंडेल म्हणाला. "तू आधीपासूनच होतीस."

एवढ्यावर तो विषय संपला.

मार्ना बाकाशी बसली. पहिली तीन काडतुसं: कागदावर तीन भोकं, हाताच्या पंजाएवढ्या अंतरात. डेल्मर म्हणाला, ठीकच आहे, सत्तेचाळीसने याहून बरं केलं असतं. दुसरी तीन: दोन जवळ, एक फटकून. रूडीने उसासा सोडला. शेवटची तीन उडवायच्या आधी तिने रायफल थंड होऊ दिली. आर्ने अशा वेळी पाठीमागे उभा राहून सफरचंद खायचा. त्याचा कर्र कर्र आवाज आला की श्वास आपोआप संथ व्हायचा. आज कुणी सफरचंद खात नव्हतं. तिने तो आवाज मनात ऐकला आणि चाप ओढला. मग पुन्हा. मग पुन्हा.

रूडी दुर्बिणीला डोळा लावून होता.

"किती?" डेल्मरने विचारलं.

"एकच भोक आहे."

"दोन बाहेर गेल्या?"

"नाही," रूडी म्हणाला. "एकच भोक आहे. जरा लांबट."

कागद आणून बघितला तेव्हा तिन्ही गोळ्यांच्या जागा एकमेकींना चिकटलेल्या होत्या, एका नाण्याखाली झाकल्या जातील एवढ्यात. व्हर्नाने खिशातून नाणं काढून झाकूनही बघितलं.

"एकोणसाठ म्हणजे तरी काय," ती म्हणाली, "बासष्टचीच धाकटी बहीण."

"मामेबहीण असेल फार तर," डेल्मर म्हणाला. "तोंडवळा सत्तेचाळीसचा आहे."

मार्नाने वही काढली. चौथ्या कोऱ्या पानावर तिने तारीख घातली, पावडर, माप, आणि निकाल. भरणाऱ्याचं नाव लिहायच्या ठिकाणी आर्ने नेहमी एक 'आ' काढायचा. तिने तिथे आपलं पूर्ण नाव लिहिलं. कागदाचा तुकडा पानात घडी करून ठेवला.

मैदानावरून सगळे तसेच दफनभूमीत गेले. आर्नेच्या जागेवरची माती अजून उंच होती आणि गवत धड आलं नव्हतं, विरळ आणि पिवळं. मार्नाने पाकीट खिशातून काढलं.

"नियम नियम आहे," ती म्हणाली. "नाव नसलेली पावडर, गवताचं खत."

तिने ती चिमटीचिमटीने पेरली, डोक्यापासून पायापर्यंत, आणि शेवटची चिमूट वेंडेलच्या हातावर ठेवली. त्याने ती टाकली, हात झटकले आणि म्हणाला, "नळी भरलेली ठेवून गेलास हं." मग तो पुन्हा हसायला लागला. बाकीच्यांनी दफनभूमीचं भान ठेवायचा प्रयत्न केला. तो फार वेळ टिकला नाही.

त्या वर्षी तंबूत पाच माणसं झोपली.

पुढच्या जूनमध्ये मार्ना फुलं घेऊन गेली तेव्हा दफनभूमीची देखभाल करणारा माणूस गवत कापायचं यंत्र बंद करून तिची वाटच बघत होता. सगळीकडे गवत घोट्याएवढं होतं. आर्नेच्या जागेवर मात्र गुडघ्याएवढं, काळंभोर हिरवं, कडा अगदी आखल्यासारख्या सरळ.

"बाई, आठवड्यातून दोनदा कापतो मी हे," तो म्हणाला. "दोनदा. यंत्राचं पातं बदललं. काय घातलंत तरी काय इथे?"

मार्नाने थोडा विचार केला.

"एकोणसाठ," ती म्हणाली.

त्याने शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि तो आकडा तळहातावर लिहून घेतला. दुपारी डेल्मरचा फोन आला. बियाण्यांच्या दुकानात एक माणूस गेला तासभर एकोणसाठ नंबरचं खत मागतोय, तो म्हणाला, आणि दुकानदाराला वेड लागायची पाळी आलीय.

"मी सांगितलं त्याला, सत्तेचाळीस घे म्हणून," डेल्मर म्हणाला. "तेही तितकंच चांगलं आहे."